सोळा वर्षांचा मिडफिल्डर आणि स्पेनच्या अकादमीचं पत्र: पैसे भरायचे का?

बांद्याचो मामा

भाच्यासाठी विचारतोय. सावंतवाडीत अकरावीला आहे, येत्या फेब्रुवारीत १७ पूर्ण होतील. सेंट्रल मिडफिल्डर, उजव्या पायाचा, डावाही बऱ्यापैकी चालतो. उंची ५ फूट ७ इंच. बाराव्या ते चौदाव्या वर्षापर्यंत इथल्या क्लबकडून खेळला, पंधराव्यापासून गोव्यातल्या एका क्लबच्या युवा संघात आहे.

मुंबईच्या एका गृहस्थांनी स्पेनमधल्या निवासी अकादमीचं पत्र आणलंय. दहा महिने, राहणं-जेवण-प्रशिक्षण मिळून १८ लाख रुपये. 'शेवटी तिथल्या क्लबशी प्रोफेशनल करार' असं ते तोंडी सांगतात, पत्रात तसं नाही. मुलाचा बापूस मस्कतला नोकरीला आहे. आजी मूळची पेडण्याची, जन्म १९५२ चा, त्यामुळे 'पोर्तुगीज पासपोर्ट काढा, सगळं सोपं होईल' असंही एकाने सुचवलं.

पैसे भरायचे का? नसतील भरायचे तर या दीड-दोन वर्षांत नेमकं काय करायचं? धीर देणारी उत्तरं नकोत, माहिती हवी.

नियम क्रमांक १९

मामा, पत्रात करार नाही म्हणजे करार नाही. पण त्याहून मोठी अडचण अशी, की तो क्लब कितीही प्रामाणिक असला तरी मुलाला आज नोंदवून घेऊच शकत नाही. फिफाच्या खेळाडू नोंदणी व ट्रान्स्फर नियमावलीत कलम १९ आहे: १८ पूर्ण होण्याआधी आंतरराष्ट्रीय ट्रान्स्फर नाही. अपवाद मोजके. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर, युरोपीय संघाच्या हद्दीत १६ ते १८ वयात, शिक्षण-निवासाच्या अटी पाळून, घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील तर, निर्वासित मुलं, आणि शाळांमधल्या विद्यार्थी-अदलाबदलीचे कार्यक्रम, तेही जास्तीत जास्त एक वर्ष आणि निव्वळ हौशी क्लबात. पैसे घेऊन फुटबॉल शिकवणारी अकादमी यातल्या कशातच बसत नाही.

मग तिथे जाणारी मुलं करतात काय? विद्यार्थी व्हिसावर जातात, सकाळी सराव, दुपारी स्पॅनिशचा वर्ग, आठवड्याला एखादा मित्रत्वाचा सामना. फेडरेशनचं खेळाडू-कार्ड मिळत नाही, म्हणून लीगचा सामना नाही. लीगचे सामने नाहीत म्हणून स्काउटला, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्याला, दाखवायला काही नाही. सतराव्या वर्षी मिडफिल्डरने दहा महिने स्पर्धात्मक फुटबॉलशिवाय काढणं हे १८ लाखांपेक्षा मोठं नुकसान आहे.

आणि हा नियम कागदावरच राहतो असं समजू नका. बार्सिलोनाला याच कलमाखाली २०१४ मध्ये शिक्षा झाली आणि २०१५ च्या दोन्ही ट्रान्स्फर विंडोत, म्हणजे नोंदणीच्या मुदतींत, नवे खेळाडू नोंदवता आले नाहीत. पुढे रेआल माद्रिद, आत्लेतिको माद्रिद, चेल्सी यांच्यावरही बंदी आली. एवढे मोठे क्लब सुटले नाहीत, तर तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचा क्लब तुमच्या भाच्यासाठी धोका पत्करेल का?

आता ते गृहस्थ. फिफाचा परवाना असलेल्या एजंटांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर खुली आहे, नाव टाकून बघा. परवाना असला तरी अल्पवयीनांसाठीचा वेगळा अभ्यासक्रम पूर्ण केलेला हवा. शिवाय मुलगा ज्या देशात करार करणार तिथल्या कायद्याने पहिला प्रोफेशनल करार करण्याचं वय गाठायला सहा महिने उरलेले असतील तेव्हाच, आणि पालकांच्या लेखी संमतीनेच, एजंट त्याला भेटू शकतो. अल्पवयीन खेळाडूकडून फी घ्यायची तर समोर प्रोफेशनल करार असावा लागतो. 'ट्रायल लावून देतो' म्हणून पालकांकडून पैसे घेणं या चौकटीत बसत नाही.

मस्कतबद्दल: वडील तिथे खरोखर नोकरीला आहेत, तेव्हा आई आणि मुलगा तिथे राहायला गेले तर पहिला अपवाद लागू होऊ शकतो. अर्ज ओमानच्या असोसिएशनकडून फिफाच्या ट्रान्स्फर प्रणालीत जातो. वडिलांचा नोकरीचा करार, तिघांचे निवास परवाने, जन्मदाखला आणि कुटुंब का हललं याचं पालकांचं पत्र लागतं. पण फक्त फुटबॉलसाठी गोवा सोडून मस्कतला जावं असं मला तरी वाटत नाही. कुटुंब तसंही जाणार असेल तरच विचार करा.

पेडणेकर पलतडचो

पासपोर्टचं मी सांगतो, आमच्या भागात घरोघरी हाच विषय असतो.

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांची जन्मनोंद पोर्तुगालमध्ये करता येते, आणि त्यावरून मुलं-नातवंडांना हक्क मिळू शकतो. पण साखळी क्रमाने न्यावी लागते: आधी आजीचा जन्म, मग तिचं लग्न, मग तुमच्या बहिणीचा जन्म आणि लग्न, मग मुलगा. प्रत्येक कडीला दाखला. गोव्याच्या जुन्या नोंदीत आजीचं नाव एका स्पेलिंगने, सावंतवाडीतल्या लग्नाच्या नोंदीत दुसऱ्या, आधारवर तिसऱ्या, अशी गत असते आणि गाडी तिथेच अडते. सगळं सुरळीत झालं तरी वर्षं जातात. म्हणजे अठराच्या आत त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

अठराच्या आत हातात आलाच तर मात्र फरक पडतो, हे नोंदवून ठेवतो. वालेंतिन वादा नावाचा अर्जेंटिनाचा मिडफिल्डर, इटालियन पासपोर्टचा, बोर्दोला आला. त्याचं प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि त्यातून असा अर्थ रूढ झाला, की १६ ते १८ चा युरोपीय अपवाद युरोपाबाहेरच्या क्लबातून येणाऱ्या पण युरोपीय पासपोर्ट असलेल्या मुलालाही लावता येतो.

अठरानंतरचा फायदा खरा आहे. स्पेनच्या ला लीगात एका संघात युरोपाबाहेरचे तीनच खेळाडू नोंदवता येतात, आणि त्या तीन जागा ब्राझीलचे वगैरे घेऊन बसलेले असतात. पण दुसरी बाजूही बघा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व स्वखुशीने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. यान धांडा हा भारतीय वंशाचा मिडफिल्डर ब्रिटिश पासपोर्टमुळे भारताकडून खेळू शकत नाही, तो याचमुळे. सोळाव्या वर्षी हे दार बंद करायचं का, ते मुलाला विचारा. मामाने किंवा आजीने ठरवायची गोष्ट नव्हे.

आठ नंबर

करिअर कसं चालतं हे बघायचं तर ताकेफुसा कुबोचं उदाहरण घ्या. वर ज्या बंदीबद्दल लिहिलंय त्यातच तो सापडला होता.

जपानचा मुलगा, जन्म जून २००१. २०११ मध्ये बार्सिलोनाच्या अकादमीत गेला. कलम १९ मुळे सामने बंद झाले, तेव्हा २०१५ मध्ये जपानला परतला. तिथे एफसी टोकियोने त्याला पंधराव्या वर्षी आपल्या २३ वर्षांखालील संघातून तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये उतरवलं. २०१८ मध्ये योकोहामा एफ. मारिनोसकडे लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना. जून २०१९ मध्ये १८ पूर्ण झाले आणि त्याच महिन्यात रेआल माद्रिदने त्याला घेतलं. आता पुढचं बघा: रेआलच्या मुख्य संघात युरोपाबाहेरच्यांच्या जागा भरलेल्या, म्हणून मायोर्का, व्हियारेआल, खेताफे, पुन्हा मायोर्का असा लोनचा प्रवास. व्हियारेआलला जेमतेम अर्धा हंगाम टिकला, कारण खेळायला मिळत नव्हतं. २०२२ मध्ये रेआल सोसिएदादने विकत घेतला आणि तिथे त्याची जागा पक्की झाली. क्लब लहान झाला, मिनिटं वाढली, खेळाडू मोठा झाला. परत येण्यात त्याचं काही गेलं नाही. पंधरा ते अठरा ही वर्षं तो घरच्या लीगमध्ये मोठ्यांविरुद्ध खेळत होता, आणि माझ्या मते सगळं तिथेच घडलं.

आपल्याकडचे लोक: आसोळण्याचा रोमिओ फर्नांडिस २०१५ मध्ये गोव्याच्या डेम्पो क्लबातून ब्राझीलच्या आत्लेतिको पारानाएन्सला लोनवर गेला, तिथल्या राज्य स्पर्धेत मैदानात उतरला आणि मग परतला. संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिकला गेला, दुखापत झाली, एकही सामना न खेळता परत आला. मनीषा कल्याण गोकुळम केरळकडून इथली लीग जिंकून, भारताकडून खेळून, मग २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉनला गेली आणि महिला चॅम्पियन्स लीग खेळणारी पहिली भारतीय ठरली. आधी घरचे सामने, मग बाहेरची वाट, हा क्रम तिथेही दिसतो.

इंग्लंडचं नाव कोणी काढलं तर एवढं लक्षात ठेवा: तिथल्या परवान्याच्या गुणांमध्ये राष्ट्रीय संघाची क्रमवारी, त्या संघाकडून खेळलेले सामने आणि आधीच्या लीगचा दर्जा मोजतात. क्रमवारीत भारत शंभराच्या बाहेर. म्हणून तो रस्ता सध्या नाहीच असं धरून चाला. नेदरलँड्स-बेल्जियममध्ये युरोपाबाहेरच्या खेळाडूला कायद्याने मोठा किमान पगार द्यावा लागतो, त्यामुळे तिथले क्लब अनोळखी अठरा वर्षांच्या मुलावर पैसा लावत नाहीत. पोर्तुगालला स्पेनसारखी तीनची मर्यादा नाही. दार ठोठवायचंच तर तिथल्या खालच्या श्रेण्यांचं ठोठवा.

बांद्याचो मामा

आभार. अकादमीचा विषय मनातून काढला. मग आता सरावाचं सांगा. आठवडाभर तो इथल्या टर्फवर पाच-पाच जणांत खेळतो, रविवारी फक्त गोव्यात. कोणी म्हणतं पुरे, कोणी म्हणतं नाही.

कातळावरचा कोच

पुरे नाही, आणि त्याचं कारण मिडफिल्डरच्या कामात आहे.

जाळीतल्या टर्फवर चेंडू भिंतीला लागून परत येतो, मैदान छोटं, पास सहा-सात मीटरचा. पायाची चपळाई वाढते यात वाद नाही. पण आठ नंबरच्या जागेवर, म्हणजे सेंट्रल मिडफिल्डरला, लागतो तो तीस-पस्तीस मीटरचा बाजू बदलणारा पास, आणि चेंडू येण्याआधी पाठीमागे काय चाललंय हे पाहून ठेवण्याची सवय. पाचांच्या खेळात पाठीमागे फार काही चाललेलंच नसतं. उघड्या कातळाच्या मैदानावर उलटा त्रास: चेंडू कुठून उसळेल याचा भरवसा नाही, म्हणून पोरं नजर चेंडूवर खिळवतात आणि मान खाली जाते. कोकणातला गुणी मिडफिल्डर बाहेर ट्रायलला मागे पडतो तो बहुतेक वेळा इथेच. पाय चांगले, मान खाली.

यासाठी रोज पंधरा मिनिटं द्या. एक जण समोरून पास देईल, दुसरा पाठीमागे उभा राहून हाताने आकडा दाखवेल. पास निघण्याआधी एकदा आणि चेंडू वाटेत असताना एकदा, असं दोनदा खांद्यावरून मागे बघायचं, आकडा ओरडायचा आणि अर्धवट वळलेल्या अंगाने, लांबच्या पायाने चेंडू घ्यायचा. जमलं की मागच्या माणसाला पुढे येऊन दाबायला सांगा. मग घ्यायचं की एका टचमध्ये परत द्यायचं हा निर्णय त्यात येतो. डाव्या पायाने वीस-वीस लांब पास रोज, उंच नको, छातीच्या खाली जाणारे.

आठवड्यातून आणखी एक दिवस तरी अकरा-अकराचा खेळ हवा. म्हापशाचं धुळेर मैदान कृत्रिम गवताचं आणि पूर्ण मापाचं आहे, सावंतवाडीहून तेच जवळ. गोव्याच्या क्लबला विचारून मोठ्यांच्या सरावात त्याला घालता येतो का बघा. सतराव्या वर्षी स्वतःच्या वयाच्या पोरांत चमकण्यापेक्षा मोठ्यांत धक्के खाणं बरं.

बुटांची चूक सगळेच करतात. कातळावर आणि टर्फवर लांब स्टड घालून पळवलं की नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं, टाचेवर भार येतो. कडक जमिनीला रबरी बारीक खुंट्यांचे टर्फ बूट, कृत्रिम गवताला आखूड स्टडचे, आणि पावसात खऱ्या गवतावर लांब. दोन जोड तरी लागतातच. जून ते सप्टेंबर शेवाळलेल्या कातळावर पळायला पाठवू नका, गुडघा जाईल. पण पाणी साचत नाही अशा गवतावर रिमझिमीत जरूर खेळवा. युरोपात सामन्याआधी मैदानावर पाणी मारतात आणि चेंडू सरपटत येतो, तो पहिला टच आपल्याला पावसातच शिकता येतो, फुकट.

वॉर्मअपला फिफा ११+ करा: तीन भाग, १५ व्यायाम, साधारण वीस मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा. पोरांना त्यातला मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम कंटाळवाणा वाटतो आणि नेमका तोच गाळतात. खाण्याचं फार लिहीत नाही, बांगडा-भात-नाचणीवर पोरगा उत्तम वाढतो. फक्त ड जीवनसत्त्व आणि फेरिटिन (लोहाचा साठा) एकदा रक्तात तपासून घ्या, आणि एक ईसीजी व इको करून ठेवा. परदेशी क्लब वैद्यकीय तपासणीत हृदय बघतोच. तिथे कळण्यापेक्षा इथे कळलेलं चांगलं.

नियम क्रमांक १९

कोचने पायाचं सांगितलं, आता कागदाचं.

एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, सीआरएस या खेळाडू-नोंदणी प्रणालीवर जाऊन भाच्याची सगळी वर्षं नीट नोंदलेली आहेत का बघा, विशेषतः सावंतवाडीचा जुना क्लब. परदेशात पहिला प्रोफेशनल करार झाला की बाराव्यापासून शिकवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षण भरपाई मिळते. नवा क्लब युरोपातला, फिफाच्या क्लब-वर्गवारीत तिसऱ्या श्रेणीचा धरला तर वय १२ ते १५ साठी वर्षाला १०,००० युरो आणि पुढच्या वर्षांसाठी ३०,००० युरो. म्हणजे अठराव्या वर्षी करार झाला तर सावंतवाडीच्या क्लबचे १२, १३, १४ या तीन वर्षांचे ३०,००० आणि गोव्याच्या क्लबचे पंधराव्याचे १०,००० अधिक सोळा-सतराचे ६०,०००. एकूण एक लाख युरो. चौथ्या श्रेणीच्या क्लबला मात्र काही द्यावं लागत नाही.

हा आकडा ऐकून खूश होऊ नका, सौदा अडतो तो इथेच. छोटा परदेशी क्लब म्हणतो मुलगा आवडला, पण वर एवढे कुठून देऊ. मग इथल्या क्लबांकडून लेखी सूट मागितली जाते. म्हणून दोन्ही क्लबांशी आत्ताच मोकळेपणाने बोला. नंतर हिस्सा मिळावा यासाठीही नोंद लागते: पुढे कराराच्या मधल्या काळात तो विकला गेला तर रकमेचे ५ टक्के शिकवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. सावंतवाडीचा क्लब जिल्हा संघटनेशी संलग्न नसेल किंवा नोंद राहिली असेल तर त्याच्या वाट्याला काही येणार नाही.

जन्मदाखला जन्माच्या वेळी नोंदलेला हवा. उशिरा केलेल्या नोंदीवर प्रश्न उठतात, आणि आशियाई कनिष्ठ स्पर्धांत मनगटाचा एमआरआय काढतात. शाळेचा दाखला, आधार, पासपोर्ट, सगळीकडे नावाची अक्षरं एकसारखी करून घ्या.

ट्रायलचं पत्र आलं तर ते क्लबच्या अधिकृत ईमेल पत्त्यावरून हवं, आणि क्लबच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर उलट विचारून खात्री करा. ट्रायलसाठी सध्याच्या क्लबची लेखी परवानगी लागते. त्याच्या वयाला एका क्लबकडे हंगामात जास्तीत जास्त आठ आठवडे, पगार नाही, अधिकृत सामना नाही. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि मुक्काम १८० दिवसांत ९० च्या वर नेता येत नाही.

करार समोर आला तर: वैद्यकीय तपासणी किंवा वर्क परमिटवर कराराची वैधता टांगून ठेवता येत नाही, असं कलम दिसलं तर सावध व्हा. अठराच्या आत केलेला करार तीन वर्षांहून लांब चालत नाही. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन १५ दिवस थांबायचं आणि मग करार मोडता येतो. आपल्या मुलांना हे माहीत नसतं, ती सहा-सहा महिने 'देतील हो' म्हणत बसतात.

आठ नंबर

व्हिडिओचं राहिलं. तीन ते पाच मिनिटं, वीस-बावीस तुकडे, पहिल्या चाळीस सेकंदांत सगळ्यात चांगले. तिपाईवर कॅमेरा, मध्यरेषेजवळ, एखाद्या गच्चीची उंची. मोबाईल हातात धरून चेंडूमागे फिरवलेलं चित्रण मिडफिल्डरच्या काही कामाचं नाही, कारण चेंडू नसताना तो कुठे होता हेच स्काउटला बघायचं असतं. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला त्याच्याभोवती वर्तुळ काढा, आणि गाणं नको. चेंडू हिसकावणं, दबावाखाली वळणं, पुढचा पास, बाजू बदलणं, सगळं थोडं थोडं. गोल कमी चालतील. सोबत न कापलेले दोन पूर्ण सामने. सुरुवातीच्या पाटीवर जन्मतारीख, उंची, पाय, क्लब, पासपोर्ट कुठला.

किनारपट्टी

सगळे युरोपच्या मागे लागलेत, म्हणून एक बाजू मांडतो. अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल विसरू नका. तिथे फिफाच्या ट्रान्स्फरची डोकेदुखी फारशी नाही, विद्यार्थी व्हिसावर जायचं, आणि गुडघा गेला तरी पदवी राहते. एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या पहिल्या श्रेणीसाठी नववी ते बारावीतले १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ ग्रेड सरासरी लागते, एसएटी या प्रवेशपरीक्षेची सक्ती आता नाही. तिसऱ्या श्रेणीची कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, अभ्यासाच्या गुणांवर देतात. धोका वेळेचा आहे: बारावीनंतर फुटबॉलमध्ये एकच वर्ष मोकळं मिळतं. त्यापुढे स्पर्धात्मक सामने खेळत राहिला तर पात्रतेचे हंगाम कमी व्हायला लागतात. म्हणून बारावीचं वर्ष सुरू होतानाच प्रशिक्षकांना ईमेल जायला हवेत, निकालाची वाट बघत बसू नका. नववी-दहावीच्या गुणपत्रिका शोधून ठेवा.

आठ नंबर

मान्य, पण कॉलेजचा हंगाम मुख्यतः ऑगस्ट ते नोव्हेंबर-डिसेंबर. वर्षातले बाकीचे महिने सामन्यांवाचून. ज्याला युरोपच गाठायचंय त्याच्यासाठी ते कमी पडतं. घरची परिस्थिती आणि अभ्यास बघून ठरवा.

बांद्याचो मामा

अभ्यास ठीक आहे, ७८ टक्के होते दहावीला. सीआरएसवर आजच बघितलं: गोव्याची वर्षं आहेत, सावंतवाडीचं फक्त एकच वर्ष दिसतंय, दोन गायब. हे आता दुरुस्त होतं का, आणि कोणाकडे जायचं?

नियम क्रमांक १९

आधी सावंतवाडीच्या क्लबकडून त्या दोन हंगामांचे पुरावे काढा: स्पर्धेची संघयादी, सामन्यांचे कागद, जिल्हा संघटनेकडे भरलेले फॉर्म, शिक्के असतील तर उत्तम. क्लबनेच अर्ज करायचा, पालकांनी नव्हे. जिल्हा संघटनेच्या पत्रासह तो मुंबईला वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे जाईल, तिथून एआयएफएफकडे. त्या हंगामांत क्लब संलग्न नसेल तर मात्र नोंद होणं कठीण आहे, म्हणून पहिलं तेच विचारून घ्या. आणि गोव्याच्या क्लबला सांगून ठेवा, नाहीतर मुलगा परत सावंतवाडीला जातोय असा त्यांचा गैरसमज व्हायचा.